गॅलरीतलं डेंड्रोबियम

(दृश्य: लग्नाच्या स्टेजवरची सजावट. जांभळ्या-पांढऱ्या फुलांचे तुरे.)

हे फूल तुम्ही शंभरदा पाहिलंय. लग्नाच्या स्टेजवर, सत्काराच्या पुष्पगुच्छात, हॉटेलच्या काउंटरवर. डेंड्रोबियम. दिसायला इतकं नाजूक की हे आपल्या घरी फुलेल असं वाटतच नाही. पण मुंबईच्या दमट गॅलरीत, कोकणातल्या पडवीत, गोव्यातल्या अंगणात पहिलं ऑर्किड लावायचं तर मी हेच लावायला सांगेन.

ते चिवट का, हे त्याच्या मूळ गावात कळतं. नर्सरीत मिळणाऱ्या बहुतेक संकरित जातींचा एक पूर्वज आहे डेंड्रोबियम बायगिबम. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या उत्तर टोकाला तो झाडांच्या फांद्यांवर आणि खडकांवर वाढतो. १९५९ पासून तो क्वीन्सलँडचं राज्यफूलही आहे. तिथे पावसाळ्यात धो धो पाऊस, आणि नंतर महिनोन्‌महिने कोरडं. त्यामुळे उकाडा या झाडाला परका नाही, तहानही ते सोसतं. मुळांशी साचलेलं पाणी मात्र त्याला अजिबात चालत नाही.

(दृश्य: कुंडीबाहेर आलेलं मूळ, अगदी जवळून. त्यावर पाण्याचा फवारा.)

हे मूळ बघा. कोरडं असताना चंदेरी-पांढरं, पाणी पडताच हिरवं. वरचा पांढरा थर मृत पेशींचा असतो, स्पंजसारखा. पाणी क्षणात शोषून घेतो, आणि मग त्याला वारा लागावा लागतो. म्हणून या कुंडीत माती घालायची नाही. एक चिमूटही नाही. लोणारी कोळशाचे तुकडे, विटांचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे चौकोनी काप, एवढं पुरे. कुंडी लहान घ्या, चार-पाच इंचांची, बाजूंनाही भोकं असलेली. ‘मोठी घेऊ, वाढेल तशी वाढेल’ हा हिशोब इथे चुकतो, कारण मोठ्या कुंडीचा मधला भाग वाळतच नाही.

पाणी कधी द्यायचं? वार ठरवू नका, मुळांचा रंग बघा. पांढरी दिसली की सकाळी भरपूर पाणी द्या, खालून निथळू द्या. उन्हाळ्यात पुण्याकडच्या कोरड्या हवेत रोज द्यावं लागेल. जुलैत मुंबईत कदाचित आठवडाभर नाही. संततधारेत कुंडी पागोळीखाली राहिली तर खोड बुडातून काळं पडून कुजतं, तेव्हा ती वळचणीला घ्या.

आता उजेड. ‘झाड हिरवंगार आहे, पण फूल येत नाही,’ ही तक्रार सगळीकडे ऐकू येते, आणि तिचं उत्तर त्या हिरवेपणातच आहे. गडद हिरवी, लुसलुशीत पानं म्हणजे उजेड कमी पडतोय. पानाचा रंग किंचित पोपटी हवा. पूर्वेची गॅलरी उत्तम. गच्चीवर असाल तर ५० टक्के सावलीची जाळी लावा. पानावर तपकिरी, भाजल्यासारखे डाग आले तर ऊन जास्त झालं. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात टीपॉयवर ठेवलेलं झाड जगेल, फुलणार नाही.

नवा कोंब वाढत असताना आठवड्यातून एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), लिटरला एक ग्रॅम. आधी साधं पाणी द्यायचं, मग खत. महिन्यातून एकदा कुंडी नुसत्या पाण्याने धुवून काढा, कोळशात क्षार साठतात. थंडीत रात्रीचं तापमान १५ अंशांखाली गेलं की खत थांबवा, पाणी कमी करा.

(दृश्य: पानं गळालेलं जुनं खोड, त्याच्या शेंड्याजवळ नवा तुरा.)

हे उघडं खोड वाळलेलं समजून बरेच जण कापून टाकतात. कापू नका! त्यात पाणी आणि अन्न साठलेलं असतं, नव्या कोंबाला ते पोसतं, आणि कधी कधी पुन्हा फुलतंही. एकदा तुरा उमलला की महिना-दीड महिना टिकतो.

ऑर्किड आज आपल्याला परवडतं, त्यामागे शंभर वर्षांची मेहनत आहे. त्याचं बी धुळीसारखं बारीक, त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतोच. निसर्गात ते एका बुरशीच्या आधाराने रुजतं. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या लुईस नडसन यांनी साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर, म्हणजे समुद्री शेवाळापासून बनवलेल्या जेलीवर, बुरशीशिवाय ते रुजवून दाखवलं. पुढे ऊतिसंवर्धन (टिश्यू कल्चर), म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत रोपं वाढवणं, आलं आणि एकसारखी हजारो रोपं तयार होऊ लागली. म्हणूनच कळकळीने सांगते, सह्याद्रीतल्या आंब्यावर, ऐनावर लोंबणारी सीतेची वेणी, हे आपलं रानातलं ऑर्किड, ओरबाडून घरी आणू नका. तिथे ती पुन्हा रुजायला वर्षानुवर्षं लागतात, आणि नर्सरीत रोपं मिळत असताना त्याची काहीच गरज नाही.

(दृश्य: खोडाच्या वरच्या पेरावर फुटलेलं पिल्लू.)

झाड रुळलं की खोडाच्या पेरावर असं पिल्लू फुटतं. लगेच तोडू नका. त्याची स्वतःची मुळं दोन-तीन इंच होऊ द्या, मग स्वच्छ ब्लेडने कापून कोळशाच्या छोट्या कुंडीत लावा. नाहीतर काथ्याच्या दोरीने अंगणातल्या आंब्याच्या खोडाला बांधा, सकाळचं ऊन लागेल अशा बाजूला. मुळांनी साल धरली की दोरी सोडवून टाका.