विंडोज नव्या एसएसडीवर नेलं, पण सी ड्राइव्ह वाढत का नाही?

नमस्कार मंडळी. लॅपटॉपमधली ५०० जीबीची हार्ड डिस्क काढली, १ टीबीची एसएसडी बसवली, विंडोज जसंच्या तसं तिच्यावर आणलं. लॅपटॉप सुरू झाला, झटपट झाला. आणि सी ड्राइव्ह? अजूनही भरलेला, लाल. डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर अगदी उजवीकडे सुमारे ४६५ जीबी मोकळी जागा दिसतेय. सी वर राइट क्लिक केलं तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकट, दाबलंच जात नाही. इथे बरेच जण हात टेकतात आणि सगळं पुसून विंडोज नव्याने टाकतात. त्याची गरज नाही.

(स्क्रीनवर: डिस्क मॅनेजमेंटची पट्टी)

ही पट्टी डावीकडून उजवीकडे वाचा. तिच्यातला प्रत्येक तुकडा म्हणजे डिस्कचा एक भाग, पार्टिशन. पहिलं १०० एमबीचं ईएफआय, बूट होण्यासाठी. त्याच्या मागे १६ एमबीचं एक राखीव पार्टिशन असतं, ते इथे दिसत नाही. मग १५० जीबीचा सी. त्याला चिकटून छोटंसं रिकव्हरी, विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठी. मग डी. आणि मोकळी जागा सगळ्यात शेवटी. विंडोज सी ला फक्त उजवीकडे वाढवतं, तेही लगतची जागा मोकळी असेल तरच. पंगतीच्या टोकाला पाट रिकामे असले, तरी मधल्या माणसाला ऐसपैस बसता येत नाही. तसंच हे.

उजवीकडेच का? पार्टिशनची उजवी कड सरकवली की आतला डेटा जागचा हलत नाही. फाइल सिस्टमला फक्त सांगायचं की हद्द पुढे गेली. काम काही सेकंदांचं. डावी कड सरकवायची म्हटलं तर पार्टिशनची सुरुवातच बदलते, म्हणजे आतला सगळा डेटा उचलून दुसरीकडे मांडावा लागतो. मोठ्या पार्टिशनला त्यात तास जातात, आणि मध्येच लाइट गेली तर डेटा गेला. म्हणून डी लहान करून सी वाढवायचा प्रयत्न फसतो: डी आक्रसतो उजवीकडून, आणि सी ला हवी असते डी च्या डावीकडची जागा.

आता क्लोन करण्याआधीची, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवण्याआधीची तयारी. यात घाई करू नका, प्लीज.

आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्क तपासणारं साधन उघडून जुन्या डिस्कची तब्येत बघा. रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या खराब किंवा संशयास्पद जागांचा आकडा शून्याच्या वर असेल, तर क्लोनिंग बाजूला ठेवा आणि फोटो, कागदपत्रं आधी बाहेर काढा. मरायला टेकलेल्या डिस्ककडे फार वेळ नसतो. डिस्क ठणठणीत असली तरी महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत तिसऱ्या जागी हवीच.

मग बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर ते बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होऊ द्या. ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, तीही लिहून ठेवा. आणि फास्ट स्टार्टअप बंद. ते चालू असताना शटडाउन केलं, तर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि क्लोनिंगची साधनं अशा पार्टिशनला हात लावत नाहीत.

क्लोनिंगसाठी मी क्लोनझिला वापरते. मोफत आहे, पेनड्राइव्हवरून चालतं. नवी एसएसडी यूएसबी केसमध्ये घालून जोडा आणि डिस्कवरून डिस्कवर हा पर्याय निवडा.

(स्क्रीनवर: क्लोनझिलात डिस्क निवडण्याची यादी)

इथे थांबा. आधी सोर्स विचारतं, मग टार्गेट. एसडीए, एसडीबी या नावांवर जाऊ नका. ओळीतला आकार आणि मॉडेल वाचा. सोर्स ५०० जीबी, टार्गेट १००० जीबी. उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर कॉपी होईल. क्लोनझिला पुन्हा पुन्हा खात्री करून घेतं. प्रत्येक वेळी आकार वाचूनच वाय दाबा.

झालं की मशीन बंद करा, जुनी डिस्क काढा, एसएसडी बसवा आणि एकट्या एसएसडीवर विंडोज सुरू करा. दोन्ही डिस्कची ओळख सारखीच असल्यामुळे एकत्र जोडल्या तर विंडोज एकीला ऑफलाइन टाकतं.

आता मूळ दुखणं. माझं मत स्पष्ट आहे: एकाच एसएसडीवर सी आणि डी अशी वाटणी ठेवू नका. डिस्क गेली तर दोन्ही जातात, मग संरक्षण कसलं? डी वर प्रोग्रॅम टाकलेले असतील तर मात्र तो राहू द्या, नाहीतर त्यांचे पत्ते तुटतील. फक्त फाइली असतील आणि त्या जुन्या डिस्कवर उघडून बघितल्या असतील, तर एसएसडीवरचा डी काढून टाका. पुढच्या पायऱ्या डी काढला असेल तर.

राहिलं रिकव्हरी. ते उडवू नका. जानेवारी २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटला रिकव्हरीत २५० एमबी मोकळी जागा हवी होती, आणि ती नसलेल्या कितीतरी मशीनवर ते अपडेट एरर देऊन अडकलं. म्हणून ते हलवायचं आणि हलवताना १ जीबीचं करायचं.

कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि रीएजंटसी स्लॅश डिसेबल (reagentc /disable) ही रिकव्हरी बंद करणारी कमांड द्या. रिकव्हरीची इमेज सी वर येऊन बसते. मग जीपार्टेड या पार्टिशन हलवणाऱ्या साधनाच्या पेनड्राइव्हवरून बूट करा, चार्जर लावूनच. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवा. रिकव्हरीला ओढून पट्टीच्या उजव्या टोकाला न्या, १ जीबी करा. मग सी ची फक्त उजवी कड त्याला भिडेपर्यंत ओढा. डाव्या कडेला हात लावू नका. अप्लाय.

पुढच्या वेळी विंडोज सुरू होताना डिस्क तपासणी चालते. ती अपेक्षितच आहे, मध्ये तोडू नका. मग रीएजंटसी स्लॅश एनेबल द्या, आणि स्लॅश इन्फो देऊन ‘एनेबल्ड’ दिसतंय का बघा. सी आता जवळपास ९३० जीबी दिसेल. १ टीबीतलं बाकीचं कुठे गेलं नाही. कंपनी हजारांत मोजते, विंडोज १०२४ मध्ये.

आता जुनी डिस्क केसमध्ये घालून जोडा. ती ऑफलाइन दिसली तर डिस्क मॅनेजमेंटमधून ऑनलाइन करा. त्यात तिची ओळख बदलते, म्हणून ती पुढे स्वतंत्रपणे बूट होईलच असं धरू नका, पण फाइली शाबूत राहतात. डी मधलं सगळं सी वरच्या एका फोल्डरमध्ये आणा. आणि महिनाभर तरी ती डिस्क फॉरमॅट करू नका.