शब्द नाही एकही, तरी सगळं बाहेर

(दृश्य: ठाण्याची तलावपाळी, संध्याकाळ. बाकावर एक बाई फोनवर बोलताहेत. त्यांचा आवाज नाही.)

या ताई काय बोलताहेत, ते आपल्याला ऐकू येत नाही. ऐकायची गरजही नाही. त्यांच्या नंबरचा सीडीआर, म्हणजे कॉल डिटेल रेकॉर्ड, हाती लागला तरी पुरे.

(दृश्य: छापील कागद, अगदी जवळून.)

हा कागद आम्ही नमुन्यादाखल तयार केलाय. एक कॉल, एक ओळ. तारीख, वेळ, समोरचा नंबर, किती सेकंद, कुठला टॉवर. मंगळवारी दुपारी कॅन्सरच्या डॉक्टरांचा नंबर, ५२ सेकंद. लगेच बहिणीला, २४१० सेकंद. रात्री पावणेबाराला वकील. एवढ्यावरून घरात काय चाललंय ते कुणालाही कळेल.

२०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने लोकांचे सीडीआर मिळवून विकणाऱ्या खासगी गुप्तहेरांना पकडलं. अटक झालेल्यांत एक पोलीस शिपाईही होता. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला होता २४ ऑगस्ट २०१७ ला. त्याला तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते.

फोन टॅप करायचा तर कायदा कडक आहे. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिलेल्या निकालापासून त्याला गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो, आदेशाला मुदत असते, वर फेरआढावा समिती असते. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. सार्वजनिक आणीबाणी नाही, जनतेच्या सुरक्षिततेचा प्रश्न नाही, मग फोन ऐकलाच कसा, असा तो सवाल होता.

सीडीआरला मात्र पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी पुरते. मागणारं खातं तेच, तपासणारंही तेच. आम्हाला हे पटत नाही. गुन्ह्याच्या तपासाला सीडीआर लागतो, हे मान्य. पण तो का हवा, हे खात्याबाहेरच्या कुणीतरी पाहायला हवं. आणि तपास संपल्यावर तरी, ज्याचा कागद काढला त्याला तसं कळवायला हवं. आज तसं कळवण्याचं बंधन नाही.

(दृश्य: बाई उठतात, गडकरी रंगायतन नाट्यगृहावरून स्टेशनकडे निघतात.)

स्टेशनपाशी पुन्हा फोन वाजतो. बहीणच असावी. टॉवर आता दुसरा. कागदावर आणखी एक ओळ.