गिटारची बॉडी रंगवताना: जुना थर काढावा की ठेवावा?

इलेक्ट्रिक गिटारला नवा रंग द्यायचा म्हटलं की बरेच जण आधी हीट गन शोधतात. जुना रंग लाकडापर्यंत खरवडल्याशिवाय नवा धरणार नाही, असं त्यांना वाटतं. धरतो, आणि घट्ट धरतो. आजच्या बहुतेक गिटारवर कारखान्यातच पॉलिएस्टरचा किंवा पॉलियुरेथेनचा टणक थर चढलेला असतो. तो सुटलेला नसेल तर इतका पक्का पाया घरी बनवणं अवघड. उलट, तो तापवून काढताना लाकूड करपतं आणि बासवुडसारख्या मऊ लाकडात खरवडायच्या पट्टीचे खड्डे पडतात. लाकडाच्या रेषा दिसायला हव्या असतील तरच खरवडा.

थर ओळखायला कंट्रोलच्या (नॉब आणि वायरिंग बसतं त्या) पोकळीच्या कडेला ॲसिटोनचा बोळा टेकवा. चिकट झाला तर लॅकर, ढिम्म राहिला तर पॉली, म्हणजे पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन. जुन्या लॅकरवर नव्या रंगाचे पहिले हात अगदी पातळ द्या, नाहीतर खालचा थर सुरकुततो.

सुटं करण्याआधी वायरिंगचा फोटो काढा. मग घासण्याच्या *आधी* बॉडी नॅफ्थाने (तेलकटपणा काढणाऱ्या सॉल्व्हंटने) पुसा. नाहीतर जुन्या पॉलिशमधलं सिलिकॉन घासताना सगळीकडे पसरतं आणि नव्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात. त्यानंतर ३२० नंबरच्या सँडपेपरने चमक जाईपर्यंत घासा. सपाट भागावर ठोकळा वापरा, कडांवर नुसता हात, तोही हलका. टवके पुट्टीने भरा.

नेक (गिटारचा लांब दांडा) बसते ती खाच टेपने झाका. तिथे रंग साचला की नेक घट्ट बसते, स्क्रू आवळताना कोपऱ्यात रंग तडकतो, शिवाय नेकचा कोन बदलून तारांची उंची बिघडते.

प्राइमरचे दोन-तीन हात, ४०० ने घासणी, रंगाचे तीन-चार पातळ हात. कॅन २०-२५ सेंटिमीटरवर ठेवा. जवळून मारलं की ओघळ येतात. वरून नायट्रो क्लिअरचे (नायट्रोसेल्युलोजच्या पारदर्शक लॅकरचे) आठ-दहा हात, दिवसाला तीनच, मध्ये दोन-दोन तास. दमट हवेत क्लिअर पांढुरकं पडतं, म्हणून कोरडा दिवस निवडा. हवा खेळती ठेवा, आसपास ज्योत नको, आणि सॉल्व्हंटच्या वाफा अडवणारा कार्ट्रिज मास्क लावा. हार्डनर मिसळायचं दोन भागांचं क्लिअर मात्र घरी मारूच नका. त्यातल्या विषारी आयसोसायनेटपुढे साधा मास्क पुरत नाही.

आता तीन-चार आठवडे बॉडी टांगून ठेवा. नाक जवळ नेल्यावर वास येतोय तोवर थर आकसतोय. आत्ता घासलात तर पुढे सपाटी बिघडते. वास गेला की १०००, १५००, २००० चे वॉटर पेपर, मग चमक आणणारं पॉलिशिंग कंपाउंड. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका. स्क्रूच्या भोकांत आधी मेण भरा, कारण पाणी शिरून लाकूड फुगलं की भोकाभोवती रंगाला गोल चीर जाते.

जोडताना प्रत्येक भोकाच्या तोंडावरचा रंग काउंटरसिंक (शंकूच्या आकाराचं पातं) हाताने फिरवून कापा, नाहीतर स्क्रू तो उचलतो. स्टँडच्या रबराला सुती कापड गुंडाळा. नायट्रो रबराला चिकटून खराब होतं.