जांभ्याच्या भिंती आणि जुना स्विच

(दृश्य : मालवणजवळची वाडी. पावसाने काळवंडलेले चिरे, पडवीत उघडलेलं पार्सल.)

जांभ्याच्या चिऱ्यांची जाड भिंत उन्हाळ्यात घर गार ठेवते आणि वायफायही तिथल्या तिथे अडवते. माजघरातल्या राउटरची रेंज पडवीपर्यंत धड येत नाही, मागच्या खोल्यांचं तर नावच नको. इकडे ‘निवास व न्याहरी’ची पाटी वाचून आलेला पाहुणा चहाच्या आधी पासवर्ड मागतो. मग खोलीखोलीत केबल टाकायची आणि टोकाला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तिथे वायफाय देणारी छोटी पेटी, बसवायचा. या सगळ्या केबली ज्या पेटीत येऊन जुळतात, तो स्विच. सगळं नवं घ्यायचं तर हंगामाची कमाई त्यातच जायची, म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुना माल आणायचा.

स्विच जुना घ्यायला हरकत नाही. त्यात झिजण्यासारखं असतं काय? पंखा, आणि पॉवर सप्लायमधले कपॅसिटर. पण कोकणात माल घेताना आधी टॉर्च काढा.

(दृश्य : पोर्टात पडलेला टॉर्चचा उजेड.)

पोर्टातल्या, म्हणजे केबल खोचायच्या खाचेतल्या, पिना सोनेरी, लखलखीत हव्यात. त्यांवर हिरवट थर दिसला किंवा स्क्रूची डोकी तांबारलेली असली, तर त्या पेटीने खारी हवा आधीच खाल्ली आहे. झाकण उघडू देत असतील तर कपॅसिटरचे माथे बघा. ते सपाट हवेत, फुगलेले नकोत. आणि ४८ पोर्टांचा स्विच स्वस्त मिळतोय म्हणून भुलू नका. ५० वॅट खाणारी पेटी रात्रंदिवस चालली तर महिन्याला ३६ युनिट जळतात. वर पंख्याची घरघर पाहुण्याच्या उशाशी.

पीओई म्हणजे नेटच्या केबलमधूनच ॲक्सेस पॉइंटला वीज देणं. पण ‘पीओई आहे’ एवढ्यावर समाधान मानायचं नाही. त्याची प्रमाणं वेगवेगळी : ८०२.३एएफचा पोर्ट १५.४ वॅट देतो, ८०२.३एटीचा ३०. काही जुन्या ॲक्सेस पॉइंटना मात्र २४ व्होल्टचा पॅसिव्ह पीओई लागतो, म्हणजे समोरच्या उपकरणाला न विचारता थेट सोडलेली वीज. ते या स्विचवर चालू होत नाहीत, त्यांचा इंजेक्टर, म्हणजे केबलमध्ये वीज सोडणारी डबी, सोबतच मागून घ्या.

राउटरचं गणित वेगळं. ज्याला कंपनीचे अपडेट येणं बंद झालंय, तो फुकट मिळाला तरी नको. त्यावर ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टाकता येणारं मोफत सॉफ्टवेअर, चालत असेल, तरच विचार करा.

वाचलेले पैसे केबलवर घाला, आणि ती नवीच घ्या. ब्लेडने तार खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. दुकानदार काहीही सांगो, तसली केबल घ्यायची नाही.

(दृश्य : खळं, पलीकडे माडांत दोन खोल्या.)

खळं ओलांडून मात्र तांब्याची केबल नेऊ नका. वळवाच्या पावसात वीज जवळपास पडली, तरी तिचा झटका त्या तारेतून दोन्ही टोकांची पेटी जाळू शकतो. काचेच्या फायबरमधून वीज जात नाही. जुन्या स्विचला कडेला एसएफपीच्या, म्हणजे फायबर जोडणारा तुकडा (मॉड्यूल) बसवायच्या, रिकाम्या खाचा बहुधा असतातच. त्यांत बसणारे मॉड्यूल जोडीने घ्या : दोन तंतूंचे असतील तर सारखे, एका तंतूवर चालणारे असतील तर एकमेकांच्या उलट तरंगलांबीचे. आणि जोडणी झाल्याचं दाखवणारा लिंकचा दिवा विकणाऱ्याच्या टेबलावरच लावून बघा.