शिडाची दोरी

(दृश्य : बेंदराआधीचा बाजार. दुकानाबाहेर कासऱ्यांच्या जुड्या.)

बेंदूर तोंडावर आला की कोल्हापूरच्या बाजारात कासरे आणि दावी टांगलेली दिसतात. शेतकरी आधी पीळ दाबून बघतो, दोन्ही हातांनी हिसका देतो, मग भाव विचारतो. याच दिवसांत आमची बोट मुंबईला पाण्याबाहेर काढलेली असते आणि मीही दोरी निवडत असतो. शीड डोलकाठीवर चढवणारी दोरी, म्हणजे हॅलयार्ड.

ती तुटेल अशी भीती सहसा नसते. ती किती ताणेल, हा खरा प्रश्न. भार पेलणारी १५ मीटर दोरी १ टक्का लांबली, तरी शिडाचा माथा १५ सेंटीमीटर खाली येतो. पुढची कड सैल पडते, शिडाचं पोट मागे सरकतं, बोट जास्त कलते आणि वाऱ्याच्या दिशेने चढेनाशी होते.

शर्यतीत हे चालत नाही. तिथे डायनीमा घ्यावा, म्हणजे अतिशय मजबूत प्लास्टिक धाग्यांची दोरी. वजनाच्या मानाने पोलादाहून कितीतरी ताकदवान, आणि पाण्यावर तरंगतो. पूर्वी पोलादी तार असायची, तिचे तुटलेले तंतू तळहातात घुसत. नायलॉन मात्र इथे नकोच. ते रबरासारखं ताणतं, नांगराला शोभतं.

डायनीमाचीही एक खोड आहे. सतत ताणाखाली राहिला की हळूहळू कायमचा लांबतो. गुंडाळीचं शीड, म्हणजे न उतरवता जागीच गुंडाळून ठेवायचं शीड, महिनोन्‌महिने चढवलेलंच राहतं, तिथे कमी लांबणारी जात बघून घ्यावी. निवांत समुद्रसफर करणाऱ्याला मी पॉलिएस्टरच सांगेन. स्वस्त, उन्हात टिकणारी, हाताला मऊ. सैल पडली तर विंच, म्हणजे दोरी ताणायचा रहाट, थोडा फिरवायचा.

(दृश्य : गच्ची, मागे रंकाळा. हातांचा क्लोजअप.)

हा १२ पदरांचा डायनीमा. बोटांना मेणचट लागतो, म्हणून गाठ सरकते, आणि गाठीपाशी ताकदही बरीच घटते. त्यामुळे टोकाचे पदर एकेक करून कापत ते निमुळतं करायचं आणि दोरीच्याच पोटात ओवायचं. ताण आला की बाहेरची वेणी त्याला आवळून धरते. घाई केली तर टोक आत गोळा होतं, मग सगळं उसवून पुन्हा.

बोटीवर गेल्यावर जुन्या दोरीच्या शेपटाला नवीचं टोक शिवायचं आणि जुनी सावकाश ओढत राहायचं. तिच्या मागोमाग नवी डोलकाठीच्या पोटातून वर चढते, माथ्यावरच्या चक्रीवरून पलीकडे उतरते. शिवण मध्येच सुटली, तर कुणाला तरी डोलकाठीवर चढावं लागतं. म्हणून ती शिवण मी स्वतः घालतो, दुहेरी दोऱ्याने.