काखेत डॅगरबोर्ड

मंडळी, सुरुवात एका कसरतीपासून करतो. १९७० च्या दशकातला काळ. एक माणूस विंडसर्फिंगच्या, म्हणजे शीड लावलेल्या, बारा फुटी बोर्डवर उभा आहे, दोन्ही हातांत शीड धरायचा आडवा दांडा, म्हणजे बूम आहे आणि शिडात वारा ठासून भरलाय. वाऱ्याविरुद्ध चढून झालंय, आता तोंड फिरवून वारा पाठीशी घेऊन सुटायचंय. तर तो एका हाताने बूम तोलून धरतो, खाली वाकतो, दोन पायांच्या मध्ये बोर्डच्या खाचेत रोवलेलं लाकडी पातं पट्ट्याला धरून वर उपसतो, पट्टा खांद्याला अडकवतो आणि ते ठिबकणारं पातं काखेत लटकवून पुढे निघतो. पुन्हा वाऱ्याविरुद्ध जायची वेळ आली की पुन्हा वाकायचं आणि ते खाचेत ठोकायचं.

हे पातं म्हणजे डॅगरबोर्ड. आज मी जे सांगणार आहे ती बरीचशी त्याचीच हकिगत आहे. गेल्या पन्नास-साठ वर्षांत शिडं बदलली, डोलकाठ्या बदलल्या, बोर्डचं अंग बदललं. पण असे लांब बोर्ड, म्हणजे लाँगबोर्ड, बनवणाऱ्यांची झोप उडवली ती एकाच प्रश्नाने: या पात्याचं करायचं काय?

ते असतं कशाला, हे आधी बघू. शिडात वारा भरला की जोर नुसता पुढे लागत नाही, बराचसा आडवा लागतो. पाण्यात खाली काही नसेल तर बोर्ड पालापाचोळ्यासारखा वाऱ्याबरोबर बाजूला वाहत जाईल. डॅगरबोर्ड त्या आडव्या घसरणीला अडवतो. साबणाची ओली वडी दोन बाजूंनी दाबली की ती तिसरीकडेच सटकते ना, तसं वारा आणि पातं यांच्या चिमटीत सापडलेला बोर्ड पुढे सटकतो. त्यामुळेच वारा जिकडून येतो तिकडेसुद्धा नागमोडी चढत जाता येतं.

आणि सुकाणू? ते नाहीच. माझ्या हातातला हा रबराचा तुकडा बघा. डमरूसारखा, मध्ये बारीक. याचं एक टोक बोर्डमध्ये बसतं, दुसरं डोलकाठीच्या बुडात. मी तो असा वाकवतो, असा पिळतो, कुठेही कलतो. त्यामुळे अख्खं शीड माणसाच्या हातात राहतं. शीड नाळेकडे झुकवलं की बोर्डचं तोंड वाऱ्यापासून लांब वळतं, मागे झुकवलं की वाऱ्याकडे वळतं. पहिल्या बोर्डांवर रबर नव्हतं, बिजागरीसारख्या फिरणाऱ्या खिळींचा सांधा होता. तो खाचेत नुसता दाबून बसवायचा, आणि माणूस पडला की कधीकधी तो निसटायचा. असाच एक जुना बोर्ड मी शिकताना वापरत होतो. मी पाण्यात, शीड माझ्याजवळ, आणि बोर्ड वाऱ्याबरोबर निवांत निघालेला. शीड सोडून त्याच्यामागे पोहावं की शीड धरून राहावं, हा विचार करण्यात माझी दोन मिनिटं गेली आणि तेवढ्यात बोर्ड पोहण्याच्या पल्ल्याबाहेर गेला. तेव्हापासून दोरी बांधल्याशिवाय मी पाण्यात पाय घालत नाही.

कलणाऱ्या शिडाचं हे साधन सुचलं कोणाला? यावर कोर्टात बराच घाम गाळला गेलाय. १९५८ साली इंग्लंडमधल्या हेलिंग बेटाच्या किनाऱ्यावर पीटर चिल्व्हर्स नावाचा बारा वर्षांचा मुलगा प्लायवूडच्या फळीवर कलणारं शीड लावून फिरत होता. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये न्यूमन डार्बी यांनी पतंगाच्या आकाराच्या शिडाचा बोर्ड बनवला. शिडाकडे पाठ करून तो चालवायचा. १९६५ मध्ये त्याची माहिती आणि आराखडा ‘पॉप्युलर सायन्स’मध्ये छापूनही आला. पण साधनाला आजचं रूप दिलं ते कॅलिफोर्नियातल्या दोघांनी. जिम ड्रेक हे विमानं आणि क्षेपणास्त्रांवर काम केलेले अभियंता, आणि हॉयल श्वाइट्झर हे लाटांवर सर्फिंग करणारे व्यावसायिक. त्रिकोणी शीड आणि त्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा वक्र बूम ही त्यांची जोडणी. १९६८ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९७० मध्ये ते मिळालं, आणि १९७३ मध्ये ड्रेक यांनी आपला हिस्सा श्वाइट्झर यांना विकून टाकला.

पुढे ब्रिटनमध्ये या पेटंटवर खटला झाला तेव्हा त्या बारा वर्षांच्या मुलाचा खेळ पुरावा म्हणून उभा राहिला. त्याचा बूम सरळ होता आणि पेटंटमधला वक्र, असा युक्तिवाद झाला. पण तो सरळ बूमसुद्धा वापरताना वाकून वक्रच व्हायचा! पेटंट तिथे टिकलं नाही. पेटंटच्या कामातले वकील आजही या निकालाचा दाखला देतात, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांनी बोर्डवर पाय ठेवलेला नसतो.

असो. तो मूळ ‘विंडसर्फर’ होता बारा फूट लांब आणि वजनाला सत्तावीस किलोच्या आसपास. पॉलिएथिलीनचं कवच, आत फोम, बूम लाकडाचा, शीड साध्या डॅक्रॉन कापडाचं. ओबडधोबड म्हणा हवं तर, पण जवळजवळ अभेद्य. खडकावर आपटा, उन्हात टाका, काही होत नसे. सगळ्यांचं साधन सारखं, म्हणून शर्यतीत फरक माणसाचाच. १९७६ मध्ये बहामात तेरा वर्षांचा रॉबी नेश जगज्जेता झाला तो याच साधनावर.

आता पात्याकडे परत. एवढा त्रास घेऊन ते काखेत का लटकवायचं? लहान वेगात बोर्ड पाणी कापत जातो, पोटाखालचं पाणी बाजूला सारत. या चालीला लांबीची मर्यादा असते. बारा फुटी बोर्ड साडेचार-पाच नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) पुढे स्वतःनेच उठवलेल्या लाटेत अडकतो. त्यापलीकडे जायचं तर पाण्यावर चढून घसरावं लागतं, त्याला प्लेनिंग म्हणतात. आणि घसरू लागला की तेच पातं वैरी होतं. वेग वाढला की त्याच्यावर विमानाच्या पंखासारखी उचल तयार होते. ती बोर्डची वाऱ्याकडची कड वर ढकलते आणि बोर्ड कुशीवर होऊन माणसाला फेकून देतो. सावकाश जाताना जे हवंच, तेच जोरात जाताना नकोसं.

यावर पहिला इलाज काखेचा. दुसरा, पातं मागे तिरकं झुकवता येईल असं करायचं. तिसरा इलाज मात्र अक्कलहुशारीचा: बोर्डच्या पोटातच अरुंद पेटी, पायाने ढकललं की पातं पूर्ण आत मिटतं, पुन्हा ढकललं की खाली उतरतं. हात बूमवरच. सांगायला एका वाक्याचं काम, पण त्या फटीतून पाणी उसळू नये, वाळू अडकून पातं रुतू नये, म्हणून तोंडाशी लावायच्या रबरी ओठांवर किती डोकेफोड झाली असेल! वाळूचा एक खडा अजूनही शर्यत घालवू शकतो.

गंमत म्हणजे त्याच उचलीला शर्यतवाल्यांनी कामाला लावलं. वाऱ्याविरुद्ध चढताना ते पातं मुद्दाम पूर्ण खाली ठेवतात, वर आलेल्या कडेवर पाय रोवतात आणि बोर्डला ठरावीक कोनात कुशीवर धरून चालवतात. याला रेलिंग म्हणतात. खालची लांब कड पाणी चिरत जाते आणि बोर्ड वाऱ्याच्या इतका जवळून चढतो की बघणाऱ्याला खोटं वाटावं. जमलं तर हातांत नुसता ताण नाही, एक बारीक थरथर येते. ती तोंडाने सांगून कळणार नाही.

पुढे डोलकाठीचा पायसुद्धा सरकता झाला. बोर्डवर रूळ बसवला. चढताना काठी पुढे ढकलायची म्हणजे लांब कड पाण्यात राहते, उतरताना मागे घ्यायची म्हणजे नाळ मोकळी होते. १९८० च्या दशकात काही कारागिरांनी तर बोर्डचं पोटच गोल केलं, होडीसारखं. लेखनर बोर्ड हा त्यातला नावाजलेला, ३९० सेंटिमीटर लांब. मंद वाऱ्यात तो सुरीसारखा चालतो, पण उभं राहणं म्हणजे ओंडक्यावर उभं राहणं. १९८८ आणि १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये हेच गोल पोटाचे बोर्ड होते. मला ते मनापासून आवडतात आणि मी त्यांच्यावरून मनसोक्त पडलो आहे.

शिडाबद्दल थोडक्यात. डॅक्रॉन ताणलं जायचं आणि झोत आला की फुगवटा मागे सरकायचा. मग न ताणणारा पारदर्शक पडदा आला, शिडाच्या रुंदीभर पट्ट्या आल्या, आणि पट्टीचं टोक डोलकाठीवर टेकवणारा प्लॅस्टिकचा छोटा चिमटा आला, कॅम्बर म्हणतात त्याला. त्याने शीड वारा नसतानाही पंखाच्या आकारात उभं राहतं. दोरीच्या गाठींनी बांधायचा बूम जाऊन खटक्याने आवळायचा बूम आला. कार्बनच्या डोलकाठ्यांनी वजन उतरवलं. अंगाला बांधून बूमला अडकवायचा पट्टा, म्हणजे हार्नेस आला आणि हातांवरचा भार कमरेवर गेला. यातलं बहुतेक सगळं लहान बोर्डांनाही तितकंच उपयोगी.

आणि इथेच घाव बसला. १९७७ मध्ये हवाईत लॅरी स्टॅनली, माइक हॉर्गन या मंडळींनी बोर्डवर पाय अडकवायचे पट्टे लावले. उड्या मारताना बोर्ड पायाला चिकटून राहू लागला. मग लांबी कापली, पातं काढून टाकलं, मागे शेपटाखाली नुसता फिन, म्हणजे छोटा पंख ठेवला. वेग असेल तर फिन पुरतो, हे खरंच होतं. दहा वर्षांत छोटे बोर्ड म्हणजे खरा खेळ आणि लांब म्हणजे नवशिक्यांचा, असं ठरून गेलं. पण ‘वेग असेल तर’ या अटीकडे कोणी बघितलं नाही. छोटा बोर्ड पाण्यावर चढायला साधारण बारा-पंधरा नॉट वारा मागतो, आणि बहुतेक ठिकाणी बहुतेक दिवशी तेवढा नसतो. मीही लांब बोर्ड देऊन छोटा घेतला होता. शीड जोडून किनाऱ्यावर बसायचो, झाडांच्या शेंड्यांकडे बघत. आमच्यातले कितीतरी जण असे बसून बसून एक दिवस यायचेच थांबले. या खेळाची लोकप्रियता ओसरली त्याची कारणं बरीच सांगतात. माझ्या मते हे सगळ्यात मोठं आहे.

ऑलिंपिकने मात्र लांब बोर्ड बराच काळ धरून ठेवला. १९८४ ला विंडग्लायडर, मग लेखनर, आणि १९९६ पासून २००४ पर्यंत मिस्ट्रल वन डिझाइन: ३७२ सेंटिमीटर, ७.४ चौरस मीटर शीड, मिटणारं पातं. हाँगकाँगला पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळालं ते १९९६ मध्ये याच बोर्डवर, ली लाइशान यांच्यामुळे. त्या काळात शीड हाताने पंख्यासारखं हलवायला, म्हणजे पंपिंगला, मोकळीक मिळाली होती. वारा पडला की खेळाडू अख्खी शर्यत शीड उपसत राहायचे. बघवत नसे, पण अंगातला दम निघायचा. २००८ ला आरएस:एक्स आला, २८६ सेंटिमीटर लांब आणि ९३ रुंद, तरी पोटात डॅगरबोर्ड. रुंद बोर्डचा वेगही हवा आणि लांब बोर्डची मंद वाऱ्यातली चालही हवी. माझं मत विचाराल तर ना धड हा, ना धड तो. आणि २०२४ ला फ्रान्समधल्या मार्सेयच्या पाण्यात आयक्यूफॉइल. बोर्ड जेमतेम सव्वादोन मीटर, खाली पाण्यात पंख, बोर्ड हवेत. मंद वाऱ्याचा प्रश्न त्याने बराचसा सोडवला हे मान्य. फक्त खाली जवळजवळ मीटरभर खांब असतो, म्हणून उथळ पाणी त्याला चालत नाही.

एवढं झाल्यावर २०१० च्या दशकाच्या अखेरीस ‘विंडसर्फर एलटी’ नावाचा बोर्ड आला. लांबी? तीच, बारा फूट. वजन साधारण पंधरा किलो, शीड ५.७ चौरस मीटर, पातं पेटीत मिटणारं. १९७० चंच साधन, फक्त ओझं सत्तावीस किलोंवरून पंधरावर आणलेलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. इथे कळशाच्या जागी डॅगरबोर्ड. तिकडे रेसबोर्ड, म्हणजे शर्यतीच्या लांब बोर्डांच्या वर्गातले ३८० सेंटिमीटरचे बोर्ड साडेनऊ चौरस मीटरच्या शिडांसह अजून धावतातच, आणि पाच-सहा नॉटमध्ये त्यांच्यासारखं वाऱ्यावर चढणारं न उडणारं दुसरं साधन माझ्या बघण्यात नाही.

बरं, टेबलावर ही एक जुनी पेटी ठेवली आहे, एका फुटलेल्या रेसबोर्डमधून कापून काढलेली. पातं आत आहे. ज्यांना बघायचंय त्यांनी या. वरचा हा ठोकळा पायाने पुढे ढकला, हाताने नको, जोर पुरत नाही. आणि रबरी ओठांमध्ये बोट घालू नका. मागच्या वेळी मी घातलं होतं.