फोगो आयलंड इन: एका रात्रीचे सव्वा लाख जातात कुठे?

(स्क्रीनवर: खडकाळ किनाऱ्यावरचं पांढरं हॉटेल, खाली फुटणाऱ्या लाटा)

नमस्कार मंडळी! हे हॉटेल नीट बघा. पांढऱ्या फळ्यांची एक लांबच लांब पेटी, तिला तिरकी छेदणारी दुसरी, आणि एक टोक बारीक खांबांवर अधांतरी. खाली खडक, समोर अटलांटिक. खोल्या फक्त 29. भाडं एका रात्रीचं दोन हजार कॅनेडियन डॉलरच्या वर, म्हणजे सव्वा लाख रुपये धरून चाला. दोघांचं, जेवणखाण त्यातच.

आता तुम्ही म्हणाल, श्रीमंतांचे चोचले, आम्हाला काय त्याचं? थांबा जरा. हे हॉटेल स्वतःच छापून सांगतं की तुमच्या पैशातला कितवा हिस्सा कुणाकडे गेला. तिथपर्यंत आपण जाणारच आहोत, पण आधी बेटावर पोहोचू.

(नकाशा)

कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड, आणि त्याच्या ईशान्येला हे चिमुकलं फोगो बेट. वस्ती अडीच हजारांच्या आत. गँडरच्या विमानतळावर उतरायचं, तासाभराची गाडी करून फेअरवेल नावाच्या धक्क्यावर यायचं आणि पुढे फेरीबोट. एक गंमत सांगते. न्यूफाउंडलंडचं घड्याळही आपल्यासारखंच अर्ध्या तासाच्या हिशेबावर चालतं. त्यामुळे घरी फोन करताना साडेनऊ तास वगैरे आकडेमोड नाही, उन्हाळ्यात सरळ आठ तासांचा फरक, हिवाळ्यात नऊ.

या बेटाचं पोट शेकडो वर्षं एकाच माशावर चाललं, कॉड. लहान होड्या, किनाऱ्यालगतची जाळी, मासा चिरायचा, मीठ लावून वाळवायचा. मग 1950 आणि 60 च्या दशकांत खोल समुद्रात परदेशी ट्रॉलर आले. जहाजावरच मासा साफ करून गोठवणारे, तरंगते कारखानेच म्हणा. 1968 मध्ये एका वर्षात आठ लाख टनांच्या आसपास कॉड उपसला गेला. रापणकर आणि ट्रॉलरवाले यांची भांडणं मालवणात किंवा गोव्यात ज्यांनी पाहिलीत, त्यांना पुढचं सांगायला नको. 2 जुलै 1992 ला सरकारनं कॉडच्या मासेमारीवर बंदी घातली आणि न्यूफाउंडलंडमध्ये 30 हजारांच्या आसपास माणसं बेकार झाली. ती बंदी उठायला 2024 उजाडलं.

फोगो मात्र त्याआधीच एकदा मरता मरता वाचलं होतं. साठच्या दशकात सरकारचं म्हणणं होतं, लहान बेटं सोडा, मोठ्या गावात चला, घर हलवायला पैसे देतो. 1967 मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय फिल्म बोर्डाची माणसं विद्यापीठाच्या लोकांबरोबर कॅमेरे घेऊन आली. एका गावातल्या माणसांचं बोलणं चित्रित करायचं आणि दुसऱ्या गावात नेऊन दाखवायचं, असा उद्योग त्यांनी मांडला. बेट एवढंसं, पण कॅथलिक गाव वेगळं, अँग्लिकन गाव वेगळं, एकमेकांकडे जाणं-येणं बेताचंच. पडद्यावर बघितल्यावर लोकांना कळलं की रडगाणं सगळ्यांचं एकच आहे! त्यातून मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली. तिनं मोठ्या होड्या बांधल्या, आणि ती आजही खेकडा आणि कोळंबीचा धंदा करते. सहकार म्हटलं की आपल्याकडे लोक नाक मुरडतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता येते झीटा कॉब. याच बेटावरच्या मच्छीमाराची मुलगी. शिकली, फायबर ऑप्टिक्सच्या कंपनीत वित्तप्रमुख झाली, शेअर्समध्ये गडगंज पैसा मिळाला, आणि चाळिशीतच नोकरी सोडून परत आली. आधी तिनं बेटावरच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. तेव्हा एका बाईनं भर सभेत विचारलं, की तू आमच्या पोरांना बेट सोडून जायला पैसे देतेस, इथे राहायला काही करता येईल का? हा प्रश्न कॉबबाई स्वतः जाहीर भाषणांतून सांगतात. भावांबरोबर त्यांनी शोअरफास्ट नावाची धर्मादाय संस्था काढली, आणि 2013 मध्ये हे हॉटेल उघडलं.

(स्क्रीनवर: खांब, जवळून)

वास्तुरचनाकार टॉड सॉन्डर्स. माणूस गँडरचाच, ऑफिस नॉर्वेतल्या बर्गनला. इथे खांब नीट बघा. कॉडच्या दिवसांत किनाऱ्यावर मासा उतरवायला आणि चिरायला लाकडी मांडव असत, अर्धे खडकावर, अर्धे पाण्यात, काठ्यांवर तोललेले. सॉन्डर्सनं तेच उचललं आणि चार मजल्यांना दिलं. खडक फोडून सपाट करायचा खर्च आणि पाप दोन्ही वाचलं. खांबांमधल्या जागेत दगडफूल आणि रानबोरांची झुडपं जशीच्या तशी राहिली. वरून पाहिलं तर इमारत फुलीसारखी दिसते. एका भुजेत जेवणघर, ग्रंथालय, चित्रदालन. दुसरीत खोल्या, आणि प्रत्येक खोलीची खिडकी समुद्राकडे. छपरावर पडणारं पाणी साठवून वापरतात.

खोलीत शिरलात की पलंगावर गोधडी. हो, गोधडीच म्हणेन मी! बेटावरच्या बायकांनी हातानं शिवलेली, तुकड्यांना तुकडे जोडून. खुर्च्या, पलंग परदेशी डिझायनरांनी स्थानिक कारागिरांबरोबर बसून आखले आणि बेटावरच घडवले. होड्या बांधणारे हात रिकामे झाले होते, त्यांना हे काम मिळालं. मला विचाराल तर अख्ख्या हॉटेलातली सगळ्यात हुशार कल्पना ही आहे, खांब नव्हेत.

सकाळी दाराशी लाकडी खोका येतो. आत थर्मासमध्ये कॉफी, ताजं भाजलेलं काहीतरी. हा नाश्ता नव्हे हं, नाश्त्याआधीचा. खरं जेवण खाली, दोन मजले उंच काचेसमोर. शेफपुढची अडचण बघा. थंडगार समुद्री प्रवाह, उन्हाळा औटघटकेचा. जमिनीतून येणार बटाटा, सलगम, बीट, कोबी. तेही जमिनीखालच्या तळघरात हिवाळाभर साठवायचं. म्हणून ताटात मुख्य माणूस समुद्र. गळानं एकेक करून पकडलेला कॉड, बर्फाळ पाण्यातला खेकडा, कोळंबी. आंबट लागतं तिथे तांबडी पार्ट्रिजबेरी. गोडाला बेकअॅपल, म्हणजे दलदलीत उगवणारं केशरी फळ, दिसायला रासबेरीसारखं. बेटावरच्या घरांत कॉडच्या जिभा पिठात घोळवून तळतात. पट्टीचे मासेखाऊ असाल तर कुणाच्या तरी घरी त्या खाऊन बघा. शाकाहारी मंडळींनी आधी कळवावं, एवढंच म्हणते.

आता ते लेबल. पुड्यामागे साखर किती, मैदा किती लिहितात ना, त्याच धर्तीवर इथे भाड्याचा हिशेब छापलेला असतो. जवळपास निम्मा पैसा पगारात. सामान किती, जाहिरात किती, शिल्लक किती, आणि पैसा बेटावर किती राहिला, बाहेर किती गेला, तेही. नफा खिशात घालणारा मालक इथे कुणी नाही, शिल्लक शोअरफास्टकडे जाते आणि बेटावरच्या कामांना लागते.

हे छापण्याचं धाडस आपल्या कोकणातल्या किती रिसॉर्टांनी दाखवलं असतं? पाट्या कोकणी, मालक मुंबईचे, कामगार आणखी कुठले. गाववाल्यांच्या वाट्याला गाडीपार्किंग. अर्थात फोगोलाही खोट आहेच. ज्या हातांनी गोधडी शिवली, त्यांना तिच्याखाली पैसे भरून एक रात्र झोपणं परवडायचं नाही. लेबलवर हे दिसत नाही.

जायचंच असेल तर मे-जूनमध्ये हिमनग तरंगत येतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात बेरी. टोरांटोकडची मराठी मंडळी, तुम्हाला विमान बदलून का होईना, जमण्यासारखं आहे. भाडं परवडत नसेल तर बेटावर साध्या घरगुती खोल्या मिळतात, आणि किनाऱ्यावरच्या पायवाटांना तिकीट नाही. टिल्टिंग गाव बघा, आयरिश वळणाचं. ब्रिमस्टोन हेडवर चढा, पृथ्वी सपाट मानणारे त्याला जगाच्या चार कोपऱ्यांपैकी एक म्हणतात! फक्त मार्च-एप्रिलला जाणार असाल तर परतीच्या विमानाआधी एक-दोन दिवस हातात ठेवा. समुद्रात बर्फ दाटला की फेरीबोट सुटत नाही.